काचेला चिकटलेला समुद्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच. ती जायच्या आधी तिच्या उशाशी बसून मी सगळं बोलून घेतलं, पण हे तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मीच ठेवलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या सकाळी भाजी घेताना आपली गाठ पडणार नाही.

एका वाक्यात सांगता येईल. पण तसं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढंच? एक चित्र खराब झालं, त्यात काय मोठंसं? म्हणून थोडं मागून यावं लागेल. शिवाय खरं सांगायचं तर, मी अजून टाळतेच आहे.

मी चित्रं काढते. टिळकवाडीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझे क्लास चालतात, शनिवार-रविवार. मी जलरंगातलीच. 'बाईंचं काम स्वच्छ असतं' हे वाक्य मी कॉलेजपासून ऐकत आले. पाण्यात कालवलेला रंग ब्रशनं कागदावर एका दमात पसरायचा, त्याला आम्ही वॉश म्हणतो. माझा वॉश म्हणजे इस्त्री केलेली साडी. एक सुरकुती दिसायची नाही. पूर्वी मला याचा फार अभिमान होता. आता? आता कुणी 'स्वच्छ' म्हणालं की मी पदर सारखा करते आणि विषय बदलते.

आम्ही घाटावरची माणसं. समुद्र काही आमचा नव्हे. पण बेळगावच्या चित्रकारांना त्याचं खूळ आहे. सावंतवाडीवरून खाली उतरून वेंगुर्ल्याच्या अंगाला गेलं, की जांभ्या दगडाचे कडे थेट पाण्यात उतरलेले दिसतात. लाल, भोकाभोकांचे, पायथ्याशी शेवाळानं काळे झालेले. दर थंडीत आमचा एक लहानसा ग्रुप तिथं जाऊन चार दिवस राहायचा. पोहे खायचे, बोर्ड उचलायचे आणि जागेवर बसून चित्र काढायचं. फोटोवरून काढलेलं चित्र आमच्यात कुणी चित्र धरत नसे.

सुजाता त्या ग्रुपमध्ये आली तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता. आता तो नोकरीला लागला, म्हणजे बघा. ती निपाणीची. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, वडील बँकेत अधिकारी झाले, आणि ही संकेश्वरच्या एका शाळेत चित्रकलेची शिक्षिका. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. मला पहिल्याच दिवशी 'आक्का' म्हणायला लागली. माझे ब्रश न विचारता घ्यायची आणि न धुता ठेवायची. मोठ्यानं हसायची. मिरचीचं भजं देठासकट खायची. तिच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोशेजारी तिनं काढलेला समुद्र लावलेला होता. ते घर मला आवडलं होतं, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिचा पहिल्यापासून दुस्वास करत होते. नव्हते. ती मला आवडत होती. म्हणूनच —

पाण्याचं सांगते.

पहिल्याच सहलीत, ओहोटीच्या वेळी, आम्ही दोघी कड्याच्या खाली खडकांवर बसलो होतो. मी घरून फिल्टरच्या पाण्याचे दोन कॅन आणले होते. मला कुठल्यातरी विहिरीचं पाणी रंगात चालत नाही. तिनं एक बाटली आणली होती, ती उन्हात पिऊन संपवली.

"आक्का, थोडं पाणी दे की गं. माझं सगळं पोटात गेलं बघ," ती म्हणाली.

माझ्याकडं पाणी होतं. भरपूर होतं. मी म्हणाले, मला पुरायचं नाही. का म्हणाले? तिचं पेन्सिलीचं रेखाटन मी तिरक्या नजरेनं पाहिलं होतं, आणि ते चांगलं होतं. एवढंच कारण. ती काही रुसली नाही. डबा घेऊन खाली गेली, समुद्रात बुडवला, आणि तेच खारं पाणी घेऊन कामाला बसली. मी मनात म्हटलं, बस आता, वाटोळं करून घे.

थोड्या वेळानं भरती चढायला लागली. आम्हाला घाटावरच्यांना त्याचं काय कळतंय? खडकावर ठेवलेली माझी पिशवी भिजली, तशी मी बोर्ड उचलून वर पळाले. ती घोटाभर पाण्यात उभी राहून रंगवतच होती. वर आली तेव्हा मी तिचा कागद पाहिला. रंग वाळताना मीठ सुटलं होतं. निळा रंग जागोजाग फुटला होता, बारीक कण, पांढरे डाग, आणि तो कडा! जांभ्या दगडाला जशी भोकं असतात तशीच ती कागदावर आपोआप उठली होती. माझ्या बोर्डावर तोच कडा होता, गुळगुळीत, संगमरवरासारखा. मला तिथं उभ्या उभ्या पोटात दुखायला लागलं. मत्सर हा पुस्तकी शब्द झाला. आमच्याकडं पोटात दुखणं म्हणतात, आणि ते खरोखर पोटातच दुखतं.

त्यानंतर तिनं दुसरं पाणी वापरलंच नाही. सहलीवरून येताना कॅन भरून आणायची. भरतीचं वेगळं, ओहोटीचं वेगळं. तोच कडा पुन्हा पुन्हा काढायची. आणि मग पहिल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, निपाणीहून — "आक्का, माझा समुद्र भिजलाय गं." दुसऱ्या दिवशी बस पकडून चित्र घेऊन ती टिळकवाडीत हजर. खरंच भिजला होता. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, डाळीच्या डब्याशेजारची मिठाची बरणी पावसाळ्यात ओलसर होते, तसंच. कागद गार लागत होता आणि निळा रंग खोल, काळसर झाला होता. मार्चमध्ये तेच चित्र फिकट पडायचं, वर पांढुरकी साय धरायची. म्हणजे तिच्या चित्रातला समुद्र ऋतूप्रमाणं बदलत होता. तिला त्याचं इतकं हसू येत होतं! मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. वीस वर्षं मी समुद्र काढत होते. माझा एकही समुद्र कधी हलला नव्हता.

अजून एक सांगते, सांगायला बसलेच आहे तर. त्या ओट्यापाशी माझ्या मनात एक वाक्य आलं — 'ह्यांना आता सगळंच मिळायला लागलंय.' ह्यांना म्हणजे कुणाला, ते तुम्हाला समजलं असेल. आमच्या घरात हे वाक्य जेवताना सहज बोललं जायचं. मी स्वतःला त्यातली समजत नव्हते. मी तोंडानं कधी म्हणाले नाही. पण वाक्य माझंच होतं, माझ्याच आवाजात आलं होतं.

पुढं दोन-तीन वर्षांनी आमच्या ग्रुपचं बेळगावात प्रदर्शन भरलं. बंगळूरहून एक वयस्क चित्रकार बघायला आले होते. त्यांच्याकडं एका मोठ्या प्रदर्शनाची निवड होती. शिवाय त्या प्रदर्शनातल्या एकाला वर्षभर समुद्रकाठी राहून काम करायची सोय होणार होती, राहणं, जेवण, सगळं. सुजाता कधीपासून म्हणत होती, की तिला कडा पावसात बघायचाय. आम्ही जायचो थंडीत. आषाढात लाट कड्यावर कशी आदळते, पाण्याचा रंग कसा होतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं, आणि शाळेची नोकरी करून ते जमणार कसं? ते गृहस्थ माझ्या चित्रांच्या रांगेवरून चालत गेले. चालत, हं — थांबले नाहीत. एकदा 'नीट आहे' असं कानडीत म्हणाले. आणि तिच्या कड्याच्या एका मोठ्या चित्रापुढं जे उभे राहिले ते खुर्ची मागवून बसलेच. तेच चित्र निवडलं.

ती धावत येऊन माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हातानं पुढचं सगळं केलं.

चित्र गणपतीनंतर पाठवायचं होतं, फ्रेम करून. पण जूनच्या सुरुवातीला तिच्या वडिलांच्या हृदयाचं दुखणं निघालं, आणि कोल्हापूरला ऑपरेशन ठरलं. तिकडं जायच्या आदल्या दिवशी ती चित्र गुंडाळून माझ्याकडं ठेवायला आली. डोळे सुजलेले होते. पण चित्राचं सांगायला विसरली नाही.

"आक्का, काचंला टेकू देऊ नको हं. मधी जाड माउंट घालाय सांग. पावसात घाम येतोय त्याला, चिकटून बसंल."

मी म्हणाले, अगं, मला सांगतेस? जा तू, वडिलांचं बघ.

जलरंगाचं चित्र काचेपासून दूर राहावं म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालतात, तो माउंट. हे मला कुणी सांगायला नको होतं. मी मुलांना शिकवते ते. फ्रेमवाल्यानं नेहमीप्रमाणं विचारलं, "माउंट कुठला घालू, पांढरा का क्रीम?"

आता ऐका. मी विसरले नाही. माझ्या मुलाला ताप नव्हता, मला घाई नव्हती, बाहेर रिक्षा थांबली नव्हती. मी काउंटरवर हात ठेवून उभी होते आणि मला अगदी स्पष्ट माहीत होतं मी काय करते आहे. मी म्हणाले, "माउंट नको. काच तशीच बसवा."

झालं. हे ते.

पण नाही, हे पुरतं नाही. कारण त्या क्षणापुरती मला भूल पडली असं म्हणून मी सुटले असते. पुढचे दिवस आहेत ना. मी चित्र घरी आणलं आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलं. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, तो आमच्याकडं पाहुणा म्हणून येत नाही, राहायलाच येतो. पश्चिमेची भिंत गौरी-गणपतीपर्यंत ओली असते. मी रोज त्या खोलीत जायचे आणि रोज बघायचे. आधी काचेच्या आतून धुकं धरलं. मग थेंब. मग एका कोपऱ्यात कागद काचेला चिकटून काळपट दिसायला लागला. त्या दिवशी फ्रेम उघडली असती तर वाचलं असतं. तीन-चतुर्थांश तरी वाचलं असतं. मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलाही होता. आणि परत खणात ठेवला. मग बुरशीचे ठिपके आले, कड्याच्या माथ्यावर, जिथं तिनं आकाश मोकळं सोडलं होतं.

कोल्हापूरहून तिचे फोन यायचे. वडिलांचं सांगायची, आणि शेवटी विचारायची, चित्र बरं आहे ना? मी म्हणायचे, छान आहे, तू काळजी करू नकोस. हे म्हणताना मी चित्राकडं बघत असायचे. तुम्हाला वाटेल मला झोप लागत नसेल. मला उत्तम झोप लागत होती. पोटातलं दुखणं थांबलं होतं. त्या दोन महिन्यांत मी फार छान चित्रं काढली, निदान मला तसं वाटलं.

ऑगस्ट संपता संपता ती आली. वडील बरे होते, ती हसत होती, माझ्यासाठी पेढे आणले होते. चित्र बघितल्यावर आधी तिला कळलंच नाही. मग ती खाली बसली. आम्ही दोघींनी मागचे स्क्रू काढले. तिनं कागद हलक्या हातानं सोडवायला घेतला, पण तो सुटला नाही, सोलला. कागद पांढरा आमच्या हातात आला, आणि समुद्र काचेवर राहिला.

तिनं विचारलं, "माउंट?"

मी म्हणाले, "मी सांगितलं होतं गं त्याला. लक्षच दिलं नाही मेल्यानं." त्या माणसाकडं आमच्या ग्रुपमधलं कुणीही पुन्हा गेलं नाही. तेही माझंच देणं.

आणि मग मी ते म्हणाले. चित्र खराब करण्यापेक्षा मला आज हे जास्त लागतं. मी तिच्या शेजारी बसले, आवाज अगदी मऊ केला, आणि म्हणाले, "सुजाता, एक सांगू? मोठी बहीण म्हणून सांगते. खाऱ्या पाण्याचं काम टिकत नाही. आज ना उद्या हे होणारच होतं. मजा म्हणून ठीक होतं. आता तरी नीट काम कर."

ती रडली नाही. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "व्हय आक्का. तू आधीपासनं सांगत हुतीस, मीच ऐकलं न्हाई."

मी आधीपासून काहीही सांगत नव्हते. तिनं ते स्वतःच माझ्या पदरात घातलं. मी घेतलं.

बंगळूरच्या प्रदर्शनाला तिच्या जागी माझं चित्र गेलं. कुणी सुचवलं? तिनंच, फोन करून. तिथं ते दाराजवळच्या भिंतीवर लागलं, आणि जसं गेलं तसं परत आलं. समुद्रकाठचं वर्ष दुसऱ्याच कुणाला मिळालं. सुजातानं कडा पावसात पाहिला नाही, तो नाहीच.

तिनं कॅन फेकून दिले. स्वच्छ पाणी वापरायला लागली. माझ्याकडून वॉश शिकून घेतला, आणि चांगला शिकली, ती हुशारच होती. आता तिचे समुद्र सपाट असतात. लोक म्हणतात, तुमच्या हाताखाली तयार झालेल्या दिसतात. ती अजून सहलीला येते, पण आता भरतीआधी आटपून वर येते, पाय भिजवत नाही.

मी एकदा एकटीच खाली गेले होते. घरी सांगितलं, मैत्रिणीकडं जाते म्हणून. त्याच कड्यापाशी बसून समुद्राच्या पाण्यात ब्रश बुडवला. कागद तोच, रंग तेच. तीन चित्रं काढली. तिन्ही घाण झाली, नुसती घाण. मीठ माझ्याही कागदावर फुटलं, पण त्यात ना दगड होता ना पाणी. म्हणजे मी जे मारलं, ते माझ्याच्यानं पुन्हा जिवंत करणं शक्य नव्हतं. तरी वेड्यासारखी संध्याकाळपर्यंत बसले. आणि खोटं कशाला बोलू, तिथंही आधी रडू आलं नाही. आधी रागच आला. तिला कसं जमत होतं?

या वर्षी तिच्या शाळेत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. सुजातानं मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मी संकेश्वरला गेले. माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. ती माझी ओळख करून द्यायला उभी राहिली, आता केस पांढरे झालेत तिचे. मुलांना म्हणाली, मी तुमच्याएवढीच हट्टी होते, समुद्राच्या पाण्यानं चित्रं काढायची, मला वाटायचं मी काहीतरी नवीन शोधलंय. माझं सगळ्यांत चांगलं चित्र त्या हट्टापायी नासलं. तेव्हा या आक्कांनी मला जवळ बसवून वेळेवर शहाणं केलं. त्या नसत्या, तर मी अजून तसलंच काहीतरी करत बसले असते.

मग तिनं माझ्याकडं माईक दिला. समोर मुलं मांडी घालून बसली होती. मागं भिंतीवर त्यांची चित्रं, नदी, डोंगर, उसाची शेतं, सगळी एकसारखी स्वच्छ. सुजाता माझ्याकडं बघत होती. इतक्या वर्षांत मला याहून सोपी वेळ कधी आली नव्हती. दोन वाक्यं पुरली असती.

मी म्हणाले, "तुमच्या बाई बरोबर सांगतात. मुलांनो, पाणी नेहमी स्वच्छ घ्यायचं."

टाळ्या झाल्या. मी खाली बसले. सुजातानं वाकून माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.